तीन प्रोजेक्टर आणि वणीची गाडी

ज्या मुली खूप बोलतात त्यांचे किस्से वाटून वाटून संपतात. माझे साठतात. वर्गात मी फारशी बोलत नाही. शनिवारी शाळा सकाळची, आई निफाडला द्राक्षांच्या पॅकिंगला, म्हणून दुपारी मी पप्पांच्या कामावर जाऊन बसते. तिथे तर दर शनिवारी नवीन काहीतरी!

पप्पा आधी नाशिक-वणी लाल बस चालवायचे. लहानपणी मी त्यांच्या शेजारी इंजिनच्या गरम झाकणावर बसून वणीला जायचे. मग काचबिंदू निघाला. समोरचं त्यांना स्वच्छ दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद केली आणि पप्पांना सिन्नर रस्त्यावरच्या ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरमध्ये हलकं काम मिळालं.

तिथे काळ्या भिंतींचा हॉल आहे. मधोमध खऱ्या बसची अर्धी केबिन आणि तिला वेढणारा मोठा गोलाकार पडदा. छताला तीन लेझर प्रोजेक्टर. एक डावीकडचा रस्ता दाखवतो, एक समोरचा, एक उजवीकडचा. तिन्ही चित्रं अशी जुळतात की सांधा सापडत नाही! उजेड इतका जबरदस्त की 'लेन्समध्ये बघू नये' अशी पाटी लावलीय. हे सगळं सांभाळतो इंजिनिअर तेजसदादा. तो मला 'सायलेंट मोड' म्हणतो.

केबिनमधली ड्रायव्हरची सीट पप्पा रोज पुसतात. बसत मात्र नाहीत.

*

तेजसदादाचा नियम आहे, हॉलमध्ये पांढरे कपडे नकोत. उजेड कपड्यांवरून उडतो आणि पडद्यावरची रात्र फिकी पडते.

एकदा निफाडचे शिंदेमामा ट्रेनिंगला कडक पांढऱ्या शर्ट-पायजम्यात आले. त्यांना तिथूनच हळदीला जायचं होतं.

"मामा, हे चालणार नाही."

"मंग काय उघडा बसू?"

पप्पांनी खुंटीवरचा आपला काळा रेनकोट काढून दिला. भर मे महिन्यात! मामा कुरकुरत केबिनमध्ये चढले. दादाने नेमका रात्रीच्या पावसाचा रस्ता लावला. पडद्यावर धो धो पाऊस, वायपर खटाखट.

खाली उतरल्यावर मामा म्हणाले, "बरं झालं रेनकोट दिला. नाहीतर हळदीला भिजून गेलो असतो!"

*

सुरगाण्याकडचे एक काका आले होते. अख्खी नोकरी घाटात झालेली. पडद्यावरच्या तिसऱ्याच वळणाला त्यांना मळमळायला लागलं. पप्पांनी धावत जाऊन लिंबू आणलं.

"काका, तुम्ही तर घाटातले ना?" दादाने विचारलं.

"घाटात कधी काय झालं नाय. इथं डोळे म्हणतात गाडी वळली, बूड म्हणतं जागेवरच हाय. पोटानं ऐकायचं कोणाचं?"

*

पडद्यावर एक पाल राहते. एकदा ती भर रस्त्यात उतरली. शिंदेमामांनी करकचून ब्रेक मारला! कॉम्प्युटरने मार्क कापले. कारण दिलं, विनाकारण ब्रेक.

"विनाकारण? पाल आडवी गेली ना!"

"मामा, कॉम्प्युटरला पाल दिसत नाही."

"मंग पाठवा त्याला डोळे तपासायला! आन् लावा हलक्या कामाला!"

सगळे खो खो हसले. मग पप्पांकडे लक्ष गेलं तसा एकेक जण गप्प झाला. सगळ्यात उशिरापर्यंत पप्पाच हसत होते.

*

दसऱ्याला मशीनची पूजा असते. पण प्रोजेक्टरजवळ धूर चालत नाही, फिल्टर भरतात. तरी कोणीतरी उदबत्ती लावलीच. धूर वर चढला आणि एरवी न दिसणारे उजेडाचे तीन झोत हवेत उभे राहिले. दादा ओरडायचंच विसरला!

पप्पा म्हणाले, "थंडीत पहिली गाडी घेऊन निघालं ना, की वणीच्या अलीकडे धुक्यात हेडलाइट असेच दिसायचे."

मग त्यांनीच उदबत्ती विझवली.

*

एका शनिवारी दादाने डावा आणि उजवा प्रोजेक्टर सफाईसाठी बंद केला होता. फक्त मधला चालू. दोन्ही बाजूंना नुसता काळोख, मध्ये रस्त्याचा एक तुकडा.

पप्पा फडकं घेऊन केबिनच्या पायरीवर चढले, समोर बघितलं आणि म्हणाले, "आज चित्र झकास आलंय, तेजस!"

मी पप्पांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि ते बघत होते तेवढंच बघितलं.

*

परवाच्या शनिवारी नवीन रस्ता आला, नाशिक ते वणी. दिंडोरीचा चौक, द्राक्षांच्या बागा, लांबवर सप्तशृंगीचा डोंगर.

"काका, टेस्टिंगला माणूस हवाय," दादा पप्पांना म्हणाला.

"मी काय आता गेम खेळू?"

पण पप्पा बसले. सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. बागा मागे पडायला लागल्या. दिंडोरीच्या चौकात डावीकडून एक बाईक आली. ती मला दिसली. पप्पांना नाही.

पडदा लाल झाला. आवाज बंद.

"झालं टेस्टिंग," असं म्हणत पप्पा बेल्ट सोडायला लागले.

मी केबिनमध्ये चढले. बसायला इंजिनचं झाकण नव्हतं, म्हणून दांडा धरून त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले.

"दादा, परत लाव."

हॉलमध्ये कोण बोललं ते दादाला आधी कळेना! मग त्याने लावला.

"डावीकडून बाईक. थांबा... गेली. चला. उजवीकडे ट्रॅक्टर, पप्पा."

"हं," पप्पा म्हणत होते. नजर सरळ पुढे. "हं. पुढे?"

"डावीकडे म्हैस. उभीच आहे. जाऊ द्या गाडी."

डोंगर जवळ आला. वणीचा स्टँड आला. पप्पांनी गाडी अलगद फलाटाला लावली, दार उघडलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून थांबले. पुढचं काम कंडक्टरचं असतं.

मी घसा साफ केला.

"वणी!" मी ओरडले. "वणीवाले उतरून घ्या!"

कोणीच उतरलं नाही.