विहिरीला सोललेला नारळ

आमची काकी माणसांशी गोड बोलायची आणि पंपाशी भांडायची. बटण दाबण्याआधी त्याच्या पाठीत थाप मारून बजावायची, "नीट चाल हो मेल्या, उगाच लाडात येऊ नको." काका बोटीवर, वर्षातला बहुतेक काळ समुद्रात. आरे-वारेच्या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला कातळावरची बाग, विहीर आणि हा पंप, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात.

त्या वर्षी तिनं कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून हापूसची नवी कलमं लावली होती. काकांना ती नसती उठाठेव वाटे. फोनवर त्यांनी सरळच सांगितलं, "हा उन्हाळा कलमं जगली तर ठीक. नाहीतर जागा हॉटेलवाल्याला देऊन मोकळे होऊ." काकी फक्त "बरं" म्हणाली. तिचं "बरं" म्हणजे होकार नव्हे, हे काकांना इतक्या वर्षांच्या संसारातही उमगलं नव्हतं.

आणि ऐन वैशाखात पंप रुसला! मोटर घुमायची, पण पाण्याचा थेंब नाही. मेकॅनिक गणपतीपुळ्याला अडकलेला. मे महिन्यात आधी तिथल्या लॉजचे पंप, मग आमच्यासारख्यांचे. इकडे कलमं माना टाकायला लागली होती. मी म्हटलं, "काकी, टँकर बघू?"

"या घाटीनं टँकर वर येणार काय? कळशी घे तू."

रहाटानं पाणी काढून आम्ही सकाळ-संध्याकाळ कलमांना घालत होतो. माझे खांदे भरून आले, काकी मात्र मधल्या वेळात पंपाच्या मागे लागलेली.

"आधी सोपं बघायचं, मग अवघड," हे तिचं ब्रीद. चष्मा हरवला तरी ती आधी स्वतःचं डोकं चाचपायची. वरच्या पाईपचे सांधे चाचपले, गळती नव्हती. घरातला पंखा झकास फिरत होता, म्हणजे विजेचा दाबही ठीक होता. मग पंपाचं तोंड उघडून तिनं तांब्या-तांब्यानं त्याला पाणी पाजलं. काठोकाठ भरलं, आणि बघता बघता खाली गेलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. काकीनं पदर खोचला.

"याच्या पोटात पाणी ठरत नाय. खालची झडप उघडी राहतेय. काढा पाईप वर!"

शेजारचे तात्या आले. दोर बांधून आम्ही तिघांनी पाईप ओढून काढला. टोकाच्या झडपेत काळ्या, कुजक्या काथ्याचा गुंता बसला होता. तात्यांना हसू आवरेना. "वहिनी, हा तुमचाच नारळ हो!"

होताच तिचा. दिवाळीनंतर पंप सुरू करताना ती विहिरीच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायची आणि शेंडीसकट नारळ विहिरीत सोडायची. कशासाठी, तर पंपाला काही होऊ नये म्हणून!

काकीनं तो गुंता बोटांनी सोडवून पाहिला. मग म्हणाली, "देवानं खोबरं ठेवून घेतलं, शेंडी परत केली. त्याचं बरोबर आहे. माझीच अक्कल शेण खायला गेली."

काथ्या काढला, झडप घासली, पाईप सोडला, पाणी पाजलं. या खेपेला ते ठरलं. बटण दाबल्यावर पाईप दोनदा खोकला आणि भसाभस पाणी आलं. काकीनं काकांना फोन लावला, धारेजवळ धरला, "ऐका," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. पुढच्या दिवाळीपासून विहिरीला नारळ सोलून मिळू लागला. जागेचा विषय काकांनी पुन्हा काढला नाही.

कलमं आता मोहोरतात. काकी गेल्या श्रावणात गेली. पंपाचा आवाज आला की मी अजून तिची शिवी ऐकायला थांबतो, आणि ती येत नाही, तेव्हा फार वाईट वाटतं.

परवा पंप सुरू करायचा होता. गाऱ्हाणं घालायला तात्या आले. बोट सोडून कायमचे घरी आलेले काका विहिरीच्या पायरीवर बसून नारळाचा धागा न् धागा नखानं काढत होते.

"अहो, देवाचा नारळ तो. शेंडी तरी ठेवा," तात्या म्हणाले.

काकांनी मान वर केली नाही.

"नको हो. ती ओरडेल."