आमच्या वन्संचं सुतक

मुलांनो, रोह्यापासून पेणपर्यंतच्या पट्ट्यात विश्वाचा विनाश होणार ही खबर सर्वांत आधी कुणाला लागते, असं कुणी विचारलं तर मी बेधडक माझ्या नणंदेकडे बोट दाखवीन. तुमच्या आजोबांची ही थोरली बहीण पेणला एकटी राहते. उडणारी माणसं, जादूगार किंवा आग ओकणारे प्राणी असलेली कुठलीही नवी मालिका आली, की पहिल्याच दिवशी ती तिचा निकाल लावते. समोर टीव्ही आणि हाताखाली पोह्याचे पापड. लढाई रंगली की पापड इतका पातळ लाटला जातो की खालचा पोळपाट दिसावा, आणि प्रेमप्रसंग आला की त्याची भाकरी होते. एका मालिकेतला ड्रॅगन तिच्या मनास आला नाही. "असा रंग आमचा गणपतीवाला उंदराला पण देणार नाय!" दुसरीतला दिसायला बरा होता, पण "ह्याला खायला काय घालतात ते कोण सांगतच नाय. आमच्याकडे एक म्हैस होती, तर पेंढा पुरत नव्हता." महानायकांवर तर तिचा कायमचा राग. "जग वाचवायला वेळ हाय, आईला एक फोन करायला नाय!" तरी त्यातलाच एखादा जिंकला, की मीठ-मोहऱ्या घेऊन ती टीव्हीची दृष्ट काढते. एकदा मी माझ्या इंग्रजी शिक्षणाच्या तोऱ्यात म्हटलं, "वन्सं, अहो, हे सगळं खोटं असतं." त्यावर लाटणं न थांबवता ती म्हणाली, "आणि तुम्ही बातम्या बघता त्या?"

गेल्या दिवाळीत, भाऊबिजेच्या आदल्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. ती रडत होती. "वहिनी, उद्या ओवाळायला येणार नाय. सुतक हाय. आपला निळू गेला." एवढं बोलून फोन ठेवला, आणि मग उचलेचना.

निळू म्हणजे तुमच्या आजोबांचा चुलतभाऊ, निडीला राहतो. एका लग्नात त्याने सगळ्या मांडवादेखत, "आक्का, म्हातारपणी कसली भुतं बघत बसतेस?" म्हणून तिची टर उडवली होती. तेव्हापासून दोघांचा अबोला. त्याच्यासाठी तिला रडताना ऐकून मला भडभडून आलं. घरात मृत्यू झाला की भावकीनेही सुतक पाळायचं, सणवार करायचे नाहीत, अशी आपली रीत. म्हणून मी आकाशकंदील उतरवला, करंज्यांचा डबा फळीवर ठेवला आणि तुमच्या आजोबांना घेऊन निडीची गाडी पकडली.

निळूभाऊजी ओटीवर बसून चकली खात होते.

"या, या! तोंडं का अशी?" ते म्हणाले. मीच चाचरत काय ते सांगितलं. भाऊजी इतके हसले की चकलीचा ठसका लागला. "माझं आयुष्य वाढलं की वहिनी!" मग त्यांनी उरलेली चकली खाली ठेवली. "आक्का रडत होती? माझ्यासाठी?" उठून त्यांनी खुंटीवरचा सदरा अंगात घातला. "चला पेणला."

पेणला दारात ना रांगोळी, ना पणती. वन्संनी दार उघडलं, निळूभाऊजींना पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "हा कशाला आलाय?"

"तूच म्हणालीस ना निळू गेला!" आजोबा म्हणाले.

"हा नव्हे! माझा निळू!"

तेव्हा उलगडा झाला. तिच्या लाडक्या मालिकेतला निळ्या चिलखतातला नायक शेवटच्या भागात मारला गेला होता. आजोबांचा पारा चढला. "टीव्हीतल्या माणसाचं सुतक? कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

वन्संनी कमरेवर हात ठेवले. "भावकीत कोण मेला, की त्याचं तोंड बघितलं नसलं तरी दहा दिवस. आणि जो रोज संध्याकाळी ह्या घरात होता, त्याच्यासाठी एक दिवस पण नाय? मी पाळणार. पुरते दहा!"

"आणि माझी भाऊबीज?" आजोबांचा आवाज एकदम बारीक झाला. ती एकच बहीण त्यांना. आजवर भाऊबिजेला त्यांचा पाट कधी रिकामा राहिला नव्हता.

मग निळूभाऊजींनी विचारलं, "आक्का, त्याला माझं नाव का दिलंस गो?"

"निळा होता म्हणून. तुझा काय संबंध?" आणि मग दुसरीकडेच बघत, "मेला कोणाशी मनातलं बोललाच नाय. तसाच गेला."

भाऊजी उंबऱ्याबाहेर खालीच बसले. "मी हाय अजून. तेव्हा चुकलो मी, सगळ्यांसमोर बोललो. आता तू बोल काय ते."

ती तरातरा आत गेली. मला वाटलं, आता दार लागणार. पण ती पदराने तोंड पुसत पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि आम्हा दोघांवरच डाफरली. "बघताय काय? निळू जिवंत हाय तर सुतक कसलं? सकाळच्या गाडीने येते. दोन पाट मांडा. आणि मी नियम मोडला नाय हां!"

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही भावांना ओवाळलं. निळूभाऊजींना ओवाळताना तबक जरा जास्त वेळ फिरलं, ते आम्ही कुणी मोजलं नाही.

आता दर रविवारी निळूभाऊजी पेणला जातात. त्यांना ऐकू कमी येतं, कोण कुणाचा भाऊ ते लक्षात राहत नाही, आणि ऐन लढाईत ते विचारतात, "हा आपल्याकडचा ना?" ती टीव्ही थांबवते आणि सारं पहिल्यापासून सांगते. परवा मी फोन केला तर म्हणाली, "नंतर बोलू वहिनी, ह्याला गोष्ट सांगतेय. मालिका लई लांब हाय, आणि आम्ही सुरुवात उशिरा केली."