पानाच्या माथ्यावरच्या पट्ट्या

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरला एका छापखान्यात खिळे जुळवत होतो. आप्पा, म्हणजे वडील, आणि थोरला भाऊ मिरजगावकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. मी सावलीत बसतो, हे मनाला सारखं टोचायचं. पण नुसत्या टोचणीनं माणूस सावली सोडत नाही, हेही मला तिथंच कळलं.

एका दुपारी भाऊ छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत पांढरी धूळ. बसायच्या आधीच म्हणाला, "आप्पांचा गुडघा लई सुजलाय. टोळीत एक मानूस कमी पडतंय. तुला न्यायला आलोय. संध्याकाळच्या एसटीनं निघू."

"एवढं पान होऊ दे, दादा."

एका सहकारी संस्थेचा अहवाल चालला होता. प्रुफात दोन ओळी वाढल्या होत्या, त्यामुळे पुढची सगळी पानं सरकली होती. मथळा पानाच्या मधे असला की त्याच्या वर शिशाच्या दोन पट्ट्या घालून जागा सोडायची. तोच मथळा सरकून पानाच्या माथ्यावर आला की त्या पट्ट्या काढायच्या, नाहीतर समोरच्या पानाच्या पहिल्या ओळीपेक्षा तो खाली बसलेला दिसतो. काढलेल्या पट्ट्या त्याच पानाच्या तळाशी घालायच्या. पान सैल राहिलं तर खिळे निसटतात.

दादा स्टुलावर बसून बघत होता.

"डोक्यावरचं काढलं नि पायाशी घातलं. ह्याचा पगार देत्यात व्हय तुला?"

मालक हसले. "द्यावा लागतो, पाहुणे. नाहीतर आमचं पुस्तक लंगडतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला जायचं असेल तर जा. राहिलेली पानं मी बघतो."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढच्या पानाच्या तळाला एक मथळा एकटाच उरला होता, त्याच्याखाली मजकुराची एकही ओळ नव्हती. तो त्यापुढच्या पानाच्या माथ्यावर नेला, त्याच्या पट्ट्या काढल्या. आता आधीचं पान आखूड पडलं. ते भरून काढलं. एक पान नीट केलं की ते दुसऱ्याचं काम काढायचं, आणि मला ते बरं वाटत होतं. लिहायला जड जातंय, पण खरं ते हेच.

दादा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला.

"येनार न्हाईस ना? तसं सांग. म्हंजी मी दुसरं मानूस बघतो."

"हे पान झालं की..."

"तुझं पान आज व्हायचं न्हाई." आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी त्यानं माझ्याजवळ ठेवली आणि एकटाच स्टँडकडे गेला.

संक्रांतीला गावी गेलो. अंगावरचं मूल आईकडे ठेवून आप्पांच्या जागी वहिनी टोळीत जात होत्या. त्यांच्या दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. ताटात भाकरी वाढताना त्यांनी विचारलं, "भावजी, झालं का तुमचं पान?"

सगळे हसले, दादासुद्धा.

"झालं," मी म्हणालो. दाखवायला आणलेला अहवाल पिशवीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या जागी मी खडीवर गेलो. एकच दिवस. रजा तेवढीच होती.