मुलाखतीला गेलेली जीप

माझ्या पायाला भिंगरी लावूनच देवानं पाठवलंय, असं आई म्हणायची. वर्गात मी खुर्चीवर बसून शिकवलंय असा एकही तास मला आठवत नाही. नव्वदीचं दशक सरता सरता ओतूरच्या एका कॉलेजात विद्यापीठाच्या मान्यतेनं ग्राफिक डिझाइनचा कोर्स सुरू झाला. मी तेव्हा पुण्यातली जाहिरात एजन्सीतली नोकरी सोडून जुन्नरला परत आले होते. रोज एसटीने ओतूरला जायचं, शिकवायचं, परत यायचं. वर्ग म्हणजे मागच्या बाजूची एक लांबट खोली आणि तीन कॉम्प्युटर. वीज गेली की पुन्हा ब्रश आणि पोस्टर कलर. वीज बऱ्याचदा जायची.

पहिली बॅच शेवटच्या वर्षाला पोचली आणि माझ्या जिवाची घालमेल सुरू झाली. अक्षर कसं बसवायचं, रंग कुठे थांबवायचा, जागा मोकळी का सोडायची, हे सगळं मी घसा कोरडा करून शिकवलं होतं. पण ही मुलं पुढे करणार काय? आमच्या भागात कामं होती ती लग्नपत्रिकांची, नंबर प्लेटांची आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या बोर्डांची. त्या बोर्डांवर मोकळी जागा सोडली तर पुढारी म्हणायचा, इथे आमच्या मेव्हण्यांचा फोटो बसतोय की. प्राचार्य जाता-येता विचारायचे, "मॅडम, पोरं चिकटणार कुठं?" मी म्हणायचे, "पुण्यात." आणि आतून धास्तावायचे.

मग मी मुलाखतींचा सराव घ्यायला लागले. मी एजन्सीची मालकीण व्हायचे, मुलांनी कामाची फाईल घेऊन एकेकानं आत यायचं. पहिलाच मुलगा आत आला आणि वाकून माझ्या पाया पडला. काखेतली फाईल सुटली, पोस्टरं जमिनीभर झाली, वर्ग खो खो हसला. मी नियम घालून दिले. पाया पडायचं नाही. बसा म्हटल्यावरच बसायचं. 'मॅडमनी सांगितलं म्हणून केलं' असं म्हणायचं नाही. आणि मुलाखतीला एकट्यानं जायचं, सोबत घरचं कुणी नको. हा शेवटचा नियम मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता, कारण मला माझी माणसं माहीत होती.

त्या बॅचमध्ये आणे गावची एक मुलगी होती. तिच्या घरचे दोन पिढ्यांमागे मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, आता पठारावर बाजरी आणि कांदा करत होते. मुलगी बोलायची कमी, पण तिची नजर चांगली होती. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी तिने एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फलक नव्याने मांडला. स्टँडवरचा फलक वेळेप्रमाणे लावलेला असतो. ती म्हणाली, "मॅडम, माझे वडील आधी गाव शोधतात, वाजले किती ते नंतर बघतात." तिने गावं रस्त्यांप्रमाणे लावली. आळेफाट्याकडची एकीकडे, माळशेजकडची दुसरीकडे, आणि अक्षर एवढं की बाकड्यावर बसून वाचता यावं. ते काम बघून मी पहिल्यांदा कुणाला तरी शाबासकी दिली. मी ती सहसा देत नाही.

त्याच उन्हाळ्यात तिला स्थळ आलं. नारायणगावकडचं, बागायती, नाव ठेवायला जागा नाही. तिच्या वडिलांनी तिला सांगून टाकलं, नोकरी लागत असेल तर लाग, नाहीतर याच मोसमात लगीन उरकून टाकू. पाहुण्यांना आठवड्याभरात कळवायचं होतं. हे तिने मला जिन्यात उभं राहून सांगितलं, चपलेच्या अंगठ्याकडे बघत. मी त्याच दिवशी एसटीडी बूथवर जाऊन पुण्यात फोन लावले. जिथे उमेदवारीला घेतलं तरी लोक पेढे वाटायचे अशा एका मोठ्या एजन्सीच्या मालकांना गळ घातली. ते म्हणाले, पाठवून द्या, बघू. मला आकाश ठेंगणं झालं.

आदल्या दिवशी मुलगी वर्गाबाहेर घुटमळत उभी.

"मॅडम, तात्या पण येतायत. आणि वडील."

तात्या म्हणजे तिचे थोरले चुलते, घरातला शेवटचा शब्द त्यांचा.

"कशाला?"

"तात्या म्हणतात, घर बघितल्याशिवाय पोरगी पाठवायची नाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे लग्न ठरवण्याआधी मुलीकडचे चार जण मुलाचं घर बघायला जातात. विहीर, गोठा, चुलीपर्यंत सगळं बघून येतात. पण हे ऑफिस होतं! "अगं, ते तुला सून करून नेत नाहीयेत!" मी ओरडले. तिच्या हातात काही नव्हतं हे मलाही कळत होतं, पण ओरडायला दुसरं कुणी समोर नव्हतं.

सकाळी नारायणगावच्या फाट्यावर त्यांच्या जीपमध्ये मी चढले. मालकांना आधी आपण सांभाळून घेऊ, अशी माझी योजना. मागे कांद्याची एक पिशवी होती, 'पावण्यांसाठी'. मुलगी फाईल मांडीवर घेऊन बसलेली, वडील टोपी घालून गाडी चालवायला, तात्या त्यांच्याशेजारी, फेटा बांधून. मंचर गेलं, खेडचा घाट गेला, मी बडबडतच होते.

"तात्या, तुम्ही खालीच थांबा. तिथे अशी पद्धत नसते."

"बाई," तात्या मागे वळून म्हणाले, "पोर दिवसभर जिथं बसनार ते दार आमी बगू नये व्हय?"

मी आणखीच चिडले.

एजन्सी तिसऱ्या मजल्यावर होती. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतींवर बिल्डरांच्या मोठमोठ्या जाहिराती. आम्ही आत गेलो तेव्हा सगळ्यांनी मान वर करून पाहिलं. फेटा, पांढरी टोपी, कांद्याची पिशवी आणि मी. मालक उठून उभे राहिले. मला वाटलं, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. मुलीनं फाईल पुढे केली. मालकांनी चार पानं चाळली, एसटीच्या फलकाशी थांबले, "हे कोण छापणार?" म्हणून हसले आणि पुढे गेले. शिपायाला चहा सांगितला.

"चहा राहूंद्या," तात्या म्हणाले. "आदी बोलू."

ही त्यांच्या घरची रीत मुलीनं मला जीपमध्येच सांगितली होती. घर पसंत पडलं तरच तिथला चहा घ्यायचा, नाहीतर नुसतं पाणी पिऊन उठायचं.

मग तात्या विचारत गेले. हितं पोरी किती हाईत? त्या जेवत्यात कुठं? सांज झाल्यावर ऱ्हात्यात का जात्यात? हिच्या जागी पयली व्हती ती का गेली? मी छताकडे बघत होते. एजन्सीत असताना मी कितीदा अपरात्री एकटी रिक्षा शोधत उभी राहिले होते, आणि हे प्रश्न विचारायचे असतात हे मला कधी सुचलंही नव्हतं. मालक मात्र गोड बोलणारे. सगळ्याला व्यवस्थित उत्तर दिलं. मुली दोन आहेत, जेवायची खोली आहे, आधीची लग्न होऊन गेली. शेवटी म्हणाले, "काळजी नको, आमच्या मुलीसारखी ठेवू."

तात्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी मान हलवली.

"आना चहा," तात्या म्हणाले.

चहा झाला, कांद्याची पिशवी मालकांच्या टेबलाशी ठेवली गेली. पुढच्या महिन्यापासून या, असं ठरलं. मुलगी भिंतींकडे बघत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

खाली जीपपाशी आल्यावर वडील म्हणाले, "चला, त्या नारायणगावच्या पावण्यांला नाय म्हनून कळवून टाकू." तात्यांनी जीपचं दार उघडलं, एक पाय आत ठेवला आणि सहज, मंडईत भाव विचारावा तसं पुतणीला विचारलं, "तुला पसंत हाय ना?"

"नाय," ती म्हणाली.

"का गं?" मी विचारलं.

"मी भिंतीवरचं काम बगितलं. समदं एकसारखंच हाय. मला तिथं शिकाय काय मिळंल? आन् त्यांनी माझी फाईल वाचली पण नाय."

माझं डोकं फिरलं. कुठे काय बोलावं काही कळतं का हिला! हातातली एवढी मोठी जागा, पलीकडे ते स्थळ निरोपाची वाट बघत बसलेलं, आणि ही म्हणते भिंती आवडल्या नाहीत. "तुला अक्कल आहे का?" मी रस्त्यावरच सुरू झाले. "लोक इथे पायऱ्या झिजवतात! तू कोण लागून गेलीस नाही म्हणणारी?" पानवाला आमच्याकडे बघायला लागला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मान खाली घातली नाही. वर्षभर मी मुलांना समोरच्यापुढे कसं उभं राहायचं ते शिकवलं होतं. समोरच्याला आपणही पारखायचं असतं, हे माझ्या कुठल्याच तासात नव्हतं. हे मला तिथे उन्हात, ओरडता ओरडता समजलं.

वडिलांचा चेहरा पडला होता. "मग काय, त्या पावण्यांला व्हय म्हनायचं?"

तात्यांनी जीपमधला पाय परत बाहेर घेतला. मुलगी फाईल छातीशी धरून उभी.

"एक घर नाय पटलं म्हनून कुनी पोरीला कायमची घरात बसवतं का?" ते वडिलांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, दुसरं घर हाय का तुमच्या बघन्यात? आलोच हाय तर आजच बगू."

घर होतं. माझी एक जुनी सहकारी पेठेत दोन खोल्यांत स्वतःचं काम करत होती, शाळेची पुस्तकं, बियाण्यांची पाकिटं, दवाखान्यातले फलक. तिचं नाव मी आधी घेतलंच नव्हतं, कारण ती जागा मला लहान वाटली होती. कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन केला. ती म्हणाली, एक माणूस हवाच आहे, ये घेऊन.

अरुंद बोळ, वर लाकडी जिना. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तर तात्यांनी हात आडवा केला.

"थांबा बाई. आपन हितंच." मग मुलीला म्हणाले, "तू जा वर. आदी तू बग. तुला पटलं तर हाक मार, मग आमी येतो."

ती एकटी वर गेली. माझ्या फळ्यावरचा नियम शेवटी तात्यांनी पाळला. आम्ही तिघं बोळात उभे. वडील टोपी काढून पुन्हा घालत होते. मी दुकानाच्या फळीपासून नळापर्यंत आणि नळापासून फळीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. सायकली, हातगाड्या जात होत्या, मला कुणी ना कुणी बाजूला व्हायला सांगत होतं. वर काय चाललंय काही ऐकू येईना. एकदा हसण्याचा आवाज आला, तो कुणाचा ते कळलं नाही. परत शांतता. इतका वेळ लागतोय म्हणजे फाईल वाचत असतील, असं मी म्हणाले. लगेच, घेत नाही म्हणून तिची समजूत घालत असतील, असंही म्हणाले.

"बाई, एका जागी उबं ऱ्हावा की जरा," तात्या म्हणाले. "मेंढरू पन एवढं फिरत नाय."

मी उभी राहिले. तेवढ्यात वरची खिडकी उघडली. मुलगी बाहेर वाकली, एका हातानं पदरासारखी ओढणी सावरत, आणि बोळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने हाक मारली,

"तात्या, या वर! चहा ठेवलाय!"