दामलेकाकांचे फटके

चार मराठी माणसं दर रविवारी गोल्फ खेळायला लागली की किस्से आपोआप साठतात. टेक्सासमधल्या प्लेनोतले आमचे किस्से मी पॉटलकच्या जेवणांना तिखटमीठ लावून सांगतो. शेवटचा मात्र आजवर गाळत आलोय.

*

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तिघे इंजिनियर आणि चौथे दामलेकाका, नुकतेच रिटायर झालेले भूलतज्ज्ञ. क्लबचं मेंबर व्हायला त्यांनीच लावलं. पहिल्याच दिवशी काकांनी जोरात स्टिक फिरवली आणि चेंडू होता तिथेच राहिला. आमच्यातला विलास पटकन म्हणाला, "काका, प्रॅक्टिस स्विंग मस्त होता."

गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं, आणि हुकलेलाही मोजतात; पण तिथून न मोजायची पद्धतच पडली. वडीलधाऱ्या माणसाचे फटके कोण मोजणार?

*

फटके लिहायचं कार्ड माझ्याकडे असायचं. काका झाडीतून घामाघूम होऊन बाहेर यायचे आणि विचारायचे, "किती झाले रे?"

त्या एका होलला झालेले असायचे नऊ.

"सहा, काका."

"मला वाटलं, जास्त झाले."

"छे, बाकीचे प्रॅक्टिसचे."

*

काकांचं दैवत म्हणजे एकोणिसाव्या शतकातले एक स्कॉटिश गोल्फर गृहस्थ, लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात सापडलेले. काका त्यांना 'बुवा' म्हणत. बुवा दिवसभर कापडाच्या दुकानात आणि संध्याकाळी मैदानावर. हौशी खेळाडू, बक्षिसाच्या पैशाला आयुष्यभर शिवले नाहीत. दोनदा फायनल हरले, तिसऱ्यांदा जिंकले आणि सोमवारी पुन्हा दुकानात जाऊन बसले.

"माणसाने असं असावं," काका म्हणायचे.

काकू आतून विचारायच्या, "त्यांच्या बायकोचं काय म्हणणं होतं?"

*

एकदा गवतात बुवांच्या हातून चेंडू जरासा हलला. कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी आपणहून एक फटका वाढवून सांगितला आणि त्या एका फटक्याने मॅच गेली. हे सांगताना काकांनी चष्मा काढून पुसला. त्याच सकाळी मी काकांचा चेंडू बुटाने झाडामागून बाहेर सरकवला होता. मान वर करायची लाज वाटली. पुढच्या रविवारी परत सरकवला.

*

मग क्लबची सीनियर्सची टूर्नामेंट आली. एंट्रीसाठी अठरा होल शंभर फटक्यांच्या आत खेळल्याची पाच कार्डं लागायची, साक्षीदाराच्या सहीसकट. काकांनी ती माझ्याकडून हौसेने घेतली. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी पाचही कार्डांवर सही करून दिली.

टूर्नामेंटच्या दिवशी काकांबरोबर दोन अमेरिकन होते. त्यांनी प्रत्येक फटका मोजला. एकशे एकतीस झाले.

सेक्रेटरीने आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर पाच कार्डं मांडलेली, पाचांवर माझी सही.

"हे आकडे कुठून आले?" त्याने मला विचारलं.

मी कार्डांवरच्या माझ्या सह्यांकडे पाहिलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. मग सेक्रेटरीकडे वळून शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "मी सांगितले. या मुलाने विश्वासाने लिहून घेतले."

मी तरीही गप्पच होतो.

काकांची मेंबरशिप त्याच दिवशी रद्द झाली. माझी राहिली. मी तिथे पुढे अकरा वर्षं खेळलो.