कुत्र्याच्या बाजूने चारशे पेशी

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. बावीस वर्षं एकच काम. काचपट्टीवर रोग्याचा बेडका पसरायचा, रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चारशे पेशी मोजायच्या. तीनशे नव्याण्णव चालायच्या नाहीत. एकदा मोठे डॉक्टर म्हणाले, "अंदाजे लिहा हो." बाईने पेन त्यांच्या हातात दिलं. "तुम्हीच लिहा, सहीही तुम्हीच ठोका."

अशा बाईला चाळिशीनंतर दमा जडला, आणि तिने तो न मोजताच सासऱ्यांच्या कुत्र्याच्या नावावर टाकला.

कुत्रंही गुणाचं नव्हतंच. ओल्या अंगाने गादीवर लोळायचं, चपला कुरतडायचं, घरभर केस. "घालवा याला" म्हणून तिने घसा कोरडा केला होता, पण कोणी हूं की चूं केलं नाही. दम्याने मात्र काम केलं. नवऱ्याने एक मित्र गाठला आणि रविवारी कुत्रं त्याच्याकडे जायचं ठरलं. तेव्हापासून सासरे तिच्याशी बोलेनात. काय बोलायचं ते कुत्र्याशी. "खाऊन घे बाबा. आपलं इथलं दाणापाणी उठलं."

शुक्रवारी छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावर सुया टोचून बघितल्या. धूळ, बुरशी, कुत्र्याचा केस. एक गांधी उठली नाही.

"कातडी निबर झालीय माझी," ती चिडून म्हणाली. "बेडका तपासा."

"तो तरी तुमच्याकडेच येणार."

शनिवारी ती स्वतःच्याच काचपट्टीसमोर बसली. ॲलर्जीच्या दम्यात इओसिनोफिल गर्दी करतात, अंगात लाल दाणे भरलेल्या पेशी. कुत्र्याचा केस चोर वाटला की शरीराचे पहारेकरी यांनाच हाका मारतात. तिच्या चारशेत निघाले तीन. बाकी झुंबड न्यूट्रोफिलची. ही जात बहुधा जंतूंवर, नाहीतर श्वासनळी धुराने, उग्र वाफेने पोळली की धावून येते.

"मेल्यांनो," ती काचेला म्हणाली आणि दुसरी पट्टी घेतली. चार.

"दोनदा मोजताय बाई?" शेजारच्या टेबलावरची विचारती झाली.

"कुत्र्याने लाच चारलीय यांना."

डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले. जंतू नव्हते. "घरात धूर? उग्र वासाचं काही?"

"छे. मी रोज दार लावून न्हाणीघर ब्लीचने घासते. त्या कुत्र्याचा वास जाता जात नाही."

"दार लावून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि चष्म्यावरून बघत राहिल्या.

बाईला कानकोंडं झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोरच फिर्यादी.

रविवारी मित्राची गाडी दारात आली. मोजणीचा कागद तिच्या पिशवीत होता. तोंड मिटलं असतं तर काम फत्ते होतं. सासरे पट्टा हातात घेऊन उभे, कुत्रं तिचीच चप्पल तोंडात धरून.

"गाडी परत पाठवा," ती वैतागून म्हणाली. "चारशेत तीनच निघाले."

"म्हणजे काय ते?" सासरे इतक्या दिवसांनी तिच्याशी बोलले.

"म्हणजे कुत्रं सुटलं. मी सापडले. ब्लीचने झालंय." तिने चप्पल ओढून घेतली. "आजपासून न्हाणीघर तुम्ही घासायचं. साध्या साबणाने. मी बघणार."

सासऱ्यांनी पट्टा खुंटीला अडकवला.

"ऐकलंस का," ते कुत्र्याला म्हणाले, "आपल्याला नोकरी लागली."