ईश्वरप्पांच्या अंगणातली मेथी

सोलापुरात रंगारी लई बघितले, पण ईश्वरप्पांसारखा माणूस दुसरा न्हाय. अन् त्यांच्याच दारात उभं राहून मी तोंड सोडलं होतं. त्याचं मला वाईट वाटत न्हाय, खोटं कशाला बोलू?

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. नाल्याकाठी माझा भाजीचा मळा, त्याच्यावरच आमचं पोट. वरच्या अंगाला ईश्वरप्पांचा रंगाचा कारखाना. चादरीचं सूत रंगवायचं, धुवायचं अन् पाणी नाल्यात सोडायचं. त्या साली माझी मेथी उगवायची अन् पिवळी पडून बसायची. बाजारात बाया नाक मुरडायच्या, "रंगाच्या पाण्याची भाजी नगं गं बाई."

गेले की मी तणतणत त्यांच्या दारात! म्हटलं, "आण्णा, चादर कितीबी धुवा, रंग जात न्हाय म्हणता. मग सूत धुताना जो रंग निघतो, तो जातो कुटं? माझ्या मेथीत!"

वाटलं, आता हा माणूस वसकन अंगावर येणार. पण त्यांनी हातातलं सूत खाली ठेवलं. मग म्हणाले, "अक्का, माझ्या पाण्यात दोष न्हाय असं मला वाटतं. पण माझं वाटणं म्हंजे काय काळ्या दगडावरची रेघ हाय व्हय? बघू या की."

अंगणात दोन वाफे केले. बी माझ्याकडनंच घेतलं. एका वाफ्याला विहिरीचं पाणी, दुसऱ्याला हौदात साठलेलं, सूत धुतलेलं. अन् मेथीचा निकाल लागेपर्यंत रंगाची भट्टी बंद! व्यापारी बाळासो दारात येऊन ओरडला, "आण्णा, चादरी विकायच्यात का भाजी? माझा माल दुसरीकडं देतो." अन् दिलाबी.

मी रोज डोकावायची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असंच वाटायचं. गुपचूप विहिरीचंच पाणी दोन्हीकडं ओतलं असतं, तर मला काय कळणार होतं? पण न्हाय. एके दिवशी ते स्वतः बोलवायला आले. एक वाफा हिरवागार, दुसरा पार जळालेला.

"तुमचं खरं, अक्का." एवढंच म्हणाले, अन् त्या साली आणलेल्या नव्या स्वस्त रंगाचे डबे माझ्यासमोर बाजूला काढले. अगं बाई! स्वतःच्या हातानं स्वतःला खोटं पाडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

जुना महाग रंग परत आला. परत दोन वाफे, परत मेथी. ह्या खेपेला दोन्ही सारखे उगवले, तवा कुटं नाल्यात पाणी सुटलं.

माझा मळा सावरला. पण बायांच्या जिभेला कोण आवरणार? पाटी भरलेली न्यायची, भरलेलीच आणायची.

एका मंगळवारी ईश्वरप्पा बाजारात आले. माझ्या पाटीतली जुडी उचलली, अन् सगळ्यांदेखत कच्ची पानं तोंडात घातली.

"माझ्याच कारखान्याचं पाणी पिऊन वाढलीया," ते चावत म्हणाले. "आदी मी खातो, मग तुमी घ्या."

त्यांची बोटं रंगानं लाल होती. त्याच बोटांनी ते दुसरी जुडी सोडायला लागले, तवा एक बाई पाटीपाशी वाकली. "कशी दिली?" तिनं इचारलं.

भाव सांगायच्या आदीच मी जुडी तिच्या हातात ठेवली.